दोनशे सोळा खण आणि एक कार्ड

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघे टेकायला डॉक्टरांनी मनाई केलीय, तेव्हा तेवढे गुडघे सोडून बाकीची अंगं तुझ्या पायाशी आहेत असं समज.) तुझी प्रकृती कशी आहे हे रीत म्हणून विचारतो, बाकी मला सगळं ठाऊक आहे. मागच्या मंगळवारी तुला सर्दी झाली, गुरुवारी उतरली, आणि शुक्रवारी तू बनियनवर गॅलरीत जाऊन बसलास म्हणून वहिनींनी तुला फैलावर घेतलं. आपण दोघं भाऊ आठ महिन्यांत मिळून वीसेक शब्द बोललो असू, त्यातले बारा ‘हं’ (ते तुझे). पण आपल्या बायकांचा फोन रोज दुपारी तासभर चालतो आणि तुझ्या घशापासून माझ्या पित्तापर्यंतची सगळी बित्तंबातमी इकडची तिकडे पोचते. म्हणून तर फोन न करता पत्र लिहितोय. पत्राला ‘हं’ म्हणता येत नाही.

सुरुवातीच्या चार ओळी ‘आपण’, ‘आपली’ असं आदराने लिहून पाहिल्या. वीज कंपनीला तक्रार अर्ज करतोय असं वाटायला लागलं, म्हणून कागद फाडला. तर आता ‘तू’च. पत्राचं कारण तसं किरकोळ आहे. वेबसाइटच्या कामात एका बारीकशा माहितीची गरज पडलीय आणि ती तुझ्याकडे आहे. कुठली ते शेवटी लिहितो. आधी काय काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर तू नेहमीसारखं म्हणशील की हा बारक्या गोष्ट मधूनच सुरू करतो.

मी नोकरीतून सुटलो आणि दुसऱ्याच आठवड्यात दुकानात येऊन बसलो ते तुला आठवत असेल. बत्तीस वर्षं कचेरीच्या दप्तरखान्यात काढलेला माणूस मी. लाखावर फायली माझ्या हातून गेल्या आणि प्रत्येकीला आकडा होता, विभागाचा, पोटविभागाचा आणि पोटविभागाच्या पोटातल्या विभागाचा. (घरातल्या डब्यांनासुद्धा मी आकडे घालून दिले होते. हिने ते तिसऱ्या दिवशी घासून काढले.) असा माणूस तुझ्या त्या दोनशे सोळा खणांच्या कपाटासमोर उभा केला की त्याचं काय होणार? दुकान सुट्या भागांचं. नळ, कुकर, पंखे, शिलाई मशीन, दरवाजे, खिडक्या, घरातलं जे म्हणून बिघडू शकतं त्याचा कुठला ना कुठला तुकडा आपल्याकडे. आणि खणांवर तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या काय, तर ‘थेंब थेंब गळतं’, ‘धार लागते’, ‘करकरतं’, ‘नुसतंच फिरतं’, ‘फिरता फिरता थांबतं’, ‘बंद होता होत नाही’, ‘पडलं होतं, तेव्हापासून’. ‘घरातल्या माणसाने आधी उघडून पाहिलंय’ याला तर तू पाच खण दिले होतेस आणि पाचही सारखे रिकामे व्हायचे. अगदी खाली कोपऱ्यात ‘काही झालेलं नाही, बोलायला आलेत’, आणि त्यात आंबटगोड गोळ्या. एकच अर्ध्या इंचाची रबरी चकती सात वेगवेगळ्या खणांत ठेवलेली बघून मला पहिल्या दिवशी घाम फुटला होता.

गिऱ्हाईक आलं की तू वर न बघता विचारायचास, “काय झालं?” एवढंच. मग माणूस बोलत सुटायचा, नळापासून सुरू करून सुनेपर्यंत जायचा, तू मध्येच उठून एक खण उघडायचास, आणि काम फत्ते. मी हे सगळं बाजूच्या स्टुलावर बसून बघायचो आणि मनात म्हणायचो, जमून जातंय याचं कसंतरी. चाळीसेक वर्षं रोज जमणाऱ्या गोष्टीला ‘कसंतरी’ म्हणू नये, एवढं मला तेव्हा कळायला हवं होतं. कळलं नाही खरं.

मग वेबसाइटची कल्पना निघाली. ती माझी होती हे कबूल. दुकानाच्या वरच्या मजल्यावर जिने ऑफिस थाटलंय ती साइटवाली मुलगी बिजागरी घ्यायला आली होती, तिला मी बसवून घेतलं. ती म्हणाली, रंग, चित्रं हे सगळं नंतरचं, आधी साइटचा नकाशा ठरवायचा. कुठली पानं असतील, कशाच्या पोटात काय जाईल, वर मेनूत कुठले शब्द असतील. आलेल्या माणसाला कुणालाही न विचारता वाट सापडली पाहिजे. दादा, मला अक्षरशः भरून आलं. बत्तीस वर्षं मी जे करत होतो त्याला कुणीतरी महत्त्वाचं म्हणत होतं. मी तिला सांगितलं की मुली, माझा जन्म यातच गेला, तू फक्त बघत राहा. (ती बघत राहिली. अजून बघतेय बिचारी.)

तिची पद्धत अशी की दुकानात जे जे मिळतं आणि लोक जे जे मागायला येतात ते एकेका कार्डावर लिहायचं, एका कार्डावर एकच गोष्ट. मग घरच्या मंडळींनी त्या कार्डांचे आपापल्या मनाने गठ्ठे करायचे, आणि तिने तोंडातून शब्द न काढता नुसतं टिपून घ्यायचं. अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम हिच्याकडे आलं. एक अख्खा शनिवार ती काउंटरच्या टोकाला खुर्ची टाकून बसली आणि येणारा प्रत्येक माणूस काय मागतो ते लिहून घेतलं. एकशे अठ्ठेचाळीस कार्डं झाली. रविवारी शटर अर्धं खाली ओढून आपण पाच जण काउंटरभोवती उभे राहिलो, तो दिवस मी गेले काही दिवस फार वेळा आठवून बघतोय.

हिने दोनच गठ्ठे केले. एकावर लिहिलं ‘लागतं’ आणि दुसऱ्यावर ‘उगाच पडून राहतं’, आणि दुसरं लिहिताना माझ्याकडे बघितलं. वहिनींनी माणसांप्रमाणे लावलं, म्हणजे नव्याने संसार मांडलेले, भाड्याने राहणारे, एकटे राहणारे आणि ‘ज्यांना काहीच पटत नाही असे’. साइटवाली भराभरा लिहून घेत होती. आणि तू ‘रबरी चकती, अर्धा इंच’ हे एकच कार्ड हातात धरून बसलास. पंधरा मिनिटं झाली. शेवटी तू त्या मुलीला विचारलंस की याला काय झालंय. तिला कळेना. तू समजावून सांगितलंस की थेंब गळत असेल तर ही चकती इकडे जाईल, पाइप घुमत असेल तर तिकडे, आणि घरच्यांनी आधीच पाना चालवला असेल तर तिसरीकडे, कारण तिथे सोबत अजून दोन वस्तू द्याव्या लागतात. तेव्हा एक कार्ड पुरणार नाही, याच चकतीची सात कार्डं कर. तिने पहिल्यांदा मान वर केली आणि काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात मी हसलो.

“दादा, ही वेबसाइट आहे, तुझा दवाखाना नाही,” असं मी म्हणालो. सगळ्यांच्या देखत. सगळे हसले, तूही थोडासा हसलास, म्हणून मला वाटलं की चाललंय ते ठीक चाललंय. मग मी सगळी कार्डं ओढून घेतली. चाळीस मिनिटं, दादा. टपालावर शिक्के मारतात तसा माझा हात चालत होता. मथळे माझे, गठ्ठे माझे, आकडे माझे. सगळं चोख बसलं, फक्त एकसष्ट कार्डं कुठेच बसेनात, ती मी नववा गठ्ठा करून त्यावर ‘इतर’ लिहून टाकलं. (‘इतर’ म्हणजे काय हे दप्तरखान्यातल्या कुठल्याही माणसाला विचार. जे पुन्हा डोळ्यांसमोर यायला नको ते तिथे जातं.)

तू आवरायला लागलास. एकेक गठ्ठा काउंटरवर आपटून कडा सारख्या करायच्या आणि रबर लावायचं. नवव्या गठ्ठ्यापाशी तुझा हात थांबला. तू चष्मा काढलास, डबीत ठेवलास, डबी खिशात ठेवलीस आणि म्हणालास, “होऊ दे तुझ्या मनासारखं.” मी तेव्हा आकडे घालत होतो. मला ती परवानगी वाटली. बुधवारी तू सांगितलंस की मुलगी बरेच दिवस बोलावतेय, थोडे दिवस जाऊन येतो, आणि दुकानाची किल्ली खिळ्याला अडकवलीस. थोड्या दिवसांसाठी दोन बॅगा आणि वहिनींचं शिलाई मशीन कशाला, हा प्रश्न बत्तीस वर्षं बारीकसारीक तपासणाऱ्या तुझ्या भावाला पडला नाही. उलट मी ते मशीन उचलून टॅक्सीत ठेवायला मदत केली.

पुढे माझं राज्य. साइटचा नकाशा मी सात पातळ्यांचा केला. ‘घरगुती उपकरणे’ उघडलं की ‘जलविषयक’, त्यात ‘नियंत्रण’, त्यात ‘नळ’, त्यात ‘भिंतीतील’, त्यात ‘रबरी भाग’ आणि मग एकदाच्या ‘चकत्या’. साइटवालीने हात जोडले. काका, माणूस तिसऱ्या पायरीला कंटाळून निघून जातो, म्हणाली. मी तिला सांगितलं की आमच्या कचेरीत एका कागदाला खालच्या टेबलावरून वर जायला तीन महिने लागायचे, एक माणूस सोडून गेला नाही. (त्यांना जायला दुसरी जागा नव्हती, हे मला परवा सुचलं.) ती अजून एक गोष्ट सांगत होती, प्रत्येक पानावर मागे जायचा बाण हवा. आत शिरलेल्या माणसाला परतीची वाट दिसली नाही की तो बाहेर पडतो तो पुन्हा येत नाही. मी म्हटलं, बाणांनी पान घाण दिसतं, नको.

इथवर एक वेळ ठीक होतं, कारण वेबसाइट मोडली तर पुसून टाकता येते. पण मला वाटलं की साइट आणि दुकान एकसारखं हवं. वाचताना बसून घे. मी कोमट पाणी आणि स्पंज घेऊन तीन दिवस तुझ्या दोनशे सोळा चिठ्ठ्या काढल्या. काही निघता निघेनात, तू कसला डिंक वापरला होतास कोण जाणे, त्या नखाने खरवडल्या. तिथे मी छापलेले आकडे चिकटवले आणि आतला माल काढून माझ्या नकाशाप्रमाणे भरला. सातही खणांतल्या चकत्या एकत्र केल्या. चौथ्या दिवशी समोर उभं राहून बघितलं तर कपाट असं देखणं दिसत होतं की मी हिला बोलावून आणलं. तिने कपाटाकडे एकदाच बघितलं. मग मी टाकायला ठेवलेल्या चिठ्ठ्या तिने बिस्किटांच्या डब्यात गोळा केल्या आणि डबा घेऊन घरी गेली.

आणि मग गिऱ्हाइकं यायला लागली. समोरच्या गल्लीतल्या शिक्षिका आल्या, म्हणाल्या, नळ रडतोय. मी विचारलं, भिंतीतला की ओट्यावरचा, चकती रबरी की नायलॉनची, माप काय. त्यांनी माझ्या मागे कुणी आहे का ते वाकून बघितलं. मग म्हणाल्या, दादा कधी येतील? मी म्हटलं, मी आहे ना. त्या म्हणाल्या, हो, पण दादा कधी येतील? अशी दिवसाला दहा-बारा माणसं. तुझे ते बसचालक, निवृत्त झाल्यापासून जे रोज अकराच्या ठोक्याला बोलायला येतात, ते आले, सवयीने खाली वाकून कोपऱ्यातल्या खणात हात घातला आणि बोलता बोलता एक स्क्रू तोंडात टाकला. तो खण आता ७.४.२ आहे. दात वाचला, पण मी त्यांच्या मनातून उतरलो तो उतरलोच. तेव्हापासून ते पलीकडच्या फुटपाथने जातात. मी काउंटरवरून हात करतो, ते घड्याळात बघतात.

मी स्वतःची समजूत घालत होतो की दुकानातली माणसं जुन्या वळणाची, खरी परीक्षा साइटवर होईल. मागच्या महिन्यात साइटवाली एक कागद घेऊन खाली आली. साइटच्या डोक्यावर शोधायची एक चौकट आहे, तीत लोकांनी सहा महिन्यांत काय काय टाइप केलं त्याची यादी. तिने ती काउंटरवर ठेवली आणि स्वतः स्टुलावर बसली. ‘गळतंय’. ‘खूप गळतंय’. ‘नळ बंद होत नाही काय करू’. ‘ते काळं गोल असतं ते’. ‘ह्यांनी उघडलं आता बसत नाही’. ‘कालपर्यंत चांगलं होतं’. पानभर हेच. माझ्या मेनूतला एकही शब्द त्या यादीत नव्हता. ‘जलविषयक’ हा शब्द सहा महिन्यांत एकाच माणसाने टाइप केला होता आणि तो मी होतो, चालतंय का ते बघायला.

आणि दादा, यादीत सगळ्यात वर, इतर कुठल्याही शब्दापेक्षा जास्त वेळा, लोकांनी ‘दादा’ लिहिलं होतं. ‘दादा आहेत का’. ‘दादांचा नंबर’. ‘दादा दुकानात कधी असतात’. कुणीतरी तर नुसतं ‘दादा नमस्कार’ लिहून ठेवलंय, त्याला काय शोधायचं होतं देव जाणे. साइटवालीने हळूच सांगितलं की काका, यांना तुमच्या नकाशात जागाच नाही. मी म्हटलं, जागा नाही कशी, आपण नव्याने लावू, आण ती जुनी कार्डं.

कार्डं तशीच गठ्ठ्यांत होती, तू लावलेल्या रबरांत. मी ‘इतर’चं रबर सोडलं, कारण जे कुठेच बसलं नव्हतं ते तिथेच असणार. त्यातही पहिली चाळीसेक कार्डं ‘बंद होत नाही’, ‘घुमतं’ असलीच, म्हणजे लोक जे प्रत्यक्ष बोलले आणि हिने जसंच्या तसं लिहिलं ते सगळं मी ‘इतर’ मध्ये टाकलं होतं. आणि मग एक कार्ड निघालं, त्यावर हिच्या अक्षरात फक्त ‘दादा’. वर रबरात अडकवलेली मथळ्याची पट्टी माझ्या अक्षरात.

मला ते कार्ड तिथे टाकल्याचं आठवतसुद्धा नाही. वाचलं असतं तर टाकलं नसतं, असं मी दोन दिवस स्वतःला सांगत होतो. मग कळलं की हे अजून वाईट आहे. न वाचता टाकलं. मी घरी जाऊन हिच्यासमोर ते कार्ड धरलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, वर न बघता म्हणाली, “सापडलं का एकदाचं?” मग बसून सगळं सांगितलं. त्या शनिवारी दुकानात येणाऱ्या माणसांनी सगळ्यात आधी जे मागितलं ते तिने सगळ्यात आधी लिहिलं होतं, ‘दादा आहेत का’, आणि एका कार्डावर एकच गोष्ट म्हणून नुसतं ‘दादा’. ते पहिलं कार्ड होतं. आणि तू ते नवव्या गठ्ठ्यात पाहिलंस हे वहिनींनी तिला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, मला सांगायचं नाही या अटीवर. आठ महिने! रोज तासभर बोलतात आणि एवढी एक गोष्ट या घरात फुटली नाही. तिकडे चहा किती कप टाकू असं कुणी विचारलं की तू ‘माझा इतरांत धरा’ म्हणतोस, हेही तिने सांगितलं. जावईबापू त्याला विनोद समजून हसतात म्हणे. मला हसू आलं नाही.

तेव्हा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला नाही म्हणता येणार नाही. माझं चुकलं. दवाखाना म्हणालो ते चुकलं, हसलो ते चुकलं, चिठ्ठ्या खरवडल्या ते चुकलं. त्या कार्डाबद्दल चुकलं म्हणणंही मला अपुरं वाटतं. वडील गेल्यावर माझ्या शिक्षणासाठी तू ते दुकान उघडून बसलास, माझी फी त्या खणांतून आली, आणि मी कचेरीत शिकलेली अक्कल आणून तुलाच निकालात काढलं. लाज वाटते रे.

आता साइटचं. आम्ही माझा सात पातळ्यांचा नकाशा पुसला. (साइटवालीने पुसण्यापूर्वी एकदा विचारलं, नक्की? आणि माझं उत्तर यायच्या आत पुसला.) आता पहिल्या पानावर काही नाही, फक्त तुझा प्रश्न, ‘काय झालं?’ खाली उत्तरं, ‘गळतं’, ‘अडकतं’, ‘आवाज करतं’, ‘नुसतंच फिरतं’, ‘घरातल्या माणसाने उघडून पाहिलंय’. लोक धडाधड शिरायला लागले. पण त्याच्या पुढे काय? ‘गळतं’ वर बोट ठेवलं की तू पुढे काय विचारायचास? थेंब की धार, हे मला आठवतं. त्यानंतर तू काहीतरी विचारायचास, गरम पाण्याचा की थंड असं काहीसं, आणि मान हलवायचास. ‘आवाज करतं’ ला तर तू स्वतः तोंडाने आवाज काढून दाखवायचास, असा की असा, ते पानावर कसं बसवायचं? म्हणून तात्पुरती सोय म्हणून मी एकच पान केलंय आणि सगळ्या वाटा तिथे नेल्यात. कशावरही बोट ठेवा, तेच पान उघडतं. त्यावर लिहिलंय, ‘दादा आल्यावर विचारून सांगतो.’ साइटवाली म्हणते की तिने आजवर केलेल्या कामांत इतका सुटसुटीत नकाशा झाला नव्हता. लोक रागावतील असं वाटलं होतं, पण नाही. खाली लिहायला जागा आहे तिथे त्र्याहत्तर जणांनी विचारलंय की मग दादा कधी येणार. शिक्षिकांचा नळ अजून रडतोय, त्या थांबायला तयार आहेत. मागे जायचा बाणही घातलाय, प्रत्येक पानावर, चांगला मोठा.

तर ती बारीकशी माहिती. हिने चिठ्ठ्या जपून ठेवल्यात, दोनशे सोळाच्या दोनशे सोळा, काहींचे कोपरे गेलेत. पण कुठली चिठ्ठी कुठल्या खणावर होती ते मला सांगता येत नाही, हिलाही नाही. तू सवडीने यादी करून पाठवलीस तर मी इथे चिकटवून घेईन. तुला यायची तसदी नको. प्रवास लांबचा, त्यात तुझी सर्दी.

वहिनींना नमस्कार, माझ्या पुतणीला आशीर्वाद, जावईबापूंना सांग की चहाच्या विनोदाला पुन्हा हसू नका. तुझ्या पायांवर (पुन्हा, गुडघे वगळून) डोकं ठेवतो.

तुझा,
बारक्या

ता. क. १. यादीचं वर लिहिलं ते फारसं मनावर घेऊ नकोस. पत्र हिने वाचलं आणि म्हणाली की दोनशे सोळा खणांची यादी कुणी बसल्या जागी करतं का, कपाटासमोर उभं राहिल्याशिवाय त्यांना तरी काय आठवणार. तिचं म्हणणं मला पटलं. सर्दीला इकडची हवा बरी असते, हेही तीच म्हणाली.

ता. क. २. आपल्या स्वयंपाकघरातला नळ तू गेल्याच्या आठवड्यापासून गळतोय. दुकानात सगळ्या मापांच्या मिळून काही हजार चकत्या आहेत, मी आतापर्यंत अकरा बसवून पाहिल्या. खाली बादली लावलीय. म्हणजे आता हे काम ‘घरातल्या माणसाने आधी उघडून पाहिलंय’ मध्ये जाईल.

ता. क. ३. कोपऱ्यातल्या खणातले स्क्रू काढले, गोळ्या आणून भरल्या. ती एकच चिठ्ठी मला खात्रीने लावता आली, म्हणून लावली. बसचालकांना निरोप धाडलाय, दादा असले तर येतो म्हणाले.

ता. क. ४. ते कार्ड कुठल्याच गठ्ठ्यात ठेवलं नाही, माझ्या खिशात आहे. दादा, त्या रविवारी तू चष्मा काढून डबीत ठेवलास तेव्हा मला दिसलं होतं. मी आकडे घालत राहिलो. दारात येणाऱ्या कुठल्याही परक्या माणसाला तू जे विचारतोस ते मी तुला त्या दिवशी विचारलं नाही, बुधवारी टॅक्सीपाशीही विचारलं नाही. आठ महिने उशिरा विचारतो. काय झालं? (उत्तर मला माहीत आहे. तरी पत्राने कळवू नकोस. किल्ली खिळ्यालाच आहे, काउंटरवर येऊन सांग.)